तहान ओळखणारं जनुक

आमच्या घरात राग दोन तऱ्हेचे आहेत. एक माझा. तो दुधासारखा उतू जातो, ओटाभर पसरतो आणि पुसून टाकला की संपला. दुसरा माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. तो कुणी कधी पाहिलेला नाही. त्या चिडल्या की उलट मऊ बोलायला लागतात आणि म्हणतात, "छान आहे." मी या घरात नवीन आले तेव्हा हौसेने त्यांना एक ड्रेस शिवून दिला होता. माझं पोट शिवणकामावर चालतं, पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, एक बाही वर आणि एक खाली. त्यांनी आरशात पाहिलं, "छान आहे" म्हणाल्या, आणि तो ड्रेस आजपर्यंत त्यांच्या अंगावर चढलेला नाही.

त्यांच्या शाळेतली एक गोष्ट थोरले दीर नेहमी सांगतात. चित्रकलेच्या बाईंनी चुकून यांचं चित्र दुसऱ्याच मुलीच्या नावाने भिंतीवर लावलं. ही जेमतेम दहा-अकरा वर्षांची पोर, तिने रडारड केली नाही की तक्रार केली नाही. पुढे वर्षभर चित्रकलेच्या तासाला तिने कोरा कागद दिला. बाईंनी समजावलं, दटावलं, आईवडिलांना बोलावून घेतलं. कागद कोराच. वर्षाअखेर पोरगी चित्रकलेत नापास झाली आणि आनंदाने उड्या मारत घरी आली. हात चांगला होता म्हणे तिचा. पुन्हा कधी तिने पेन्सिल त्या कामासाठी उचलली नाही.

हे सांगायचं कारण, त्यांच्या संस्थेतले लोक त्यांना सोशिक म्हणतात. सोशिक! असली माणसं मला दाखवा, मी त्यांना चष्मा करून देते.

जाऊबाई वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत. संस्थेत त्यांना 'तहानवाल्या बाई' म्हणतात, कारण त्यांचं सगळं काम झाडांना पाणी न देण्याचं. आम्ही कुंडीतलं रोप सुकलं की हळहळतो, त्या सुकायला लागलेल्या रोपासमोर स्टूल टाकून बसतात. संस्थेच्या मागे जनरेटरची खोली आहे. तिच्या भिंतीच्या भेगेत एक रानटी रोप उगवलं होतं. दिवसभर गरम हवेचा झोत, पाण्याचा थेंब नाही, आणि ते पठ्ठं हिरवंगार. सगळे त्याच्या शेजारून जात-येत होते. जाऊबाई थांबल्या. त्यांनी त्याचं बी आणलं आणि त्या बियांमागे त्यांची तरुणपणाची सगळी वर्षं गेली.

त्यांनी काय शोधलं ते मला त्यांनीच माझ्या भाषेत समजावलं होतं. माझ्या कपाटात सगळी कागदी कटिंगं असतात, बाह्यांची, गळ्यांची, कॉलरची. पण ज्या दिवशी जे कटिंग बाहेर काढीन तोच कपडा शिवला जातो, बाकीची गपचूप पडून राहतात. झाडाच्या प्रत्येक कणात अशी हजारो जनुकं पडून असतात. तहान लागली की झाड त्यातली काही बाहेर काढतं आणि कामाला लावतं. कुठलं जनुक कधी आणि किती जोरात कामाला लागलं हे मोजायचं, हाच त्यांचा धंदा. त्या रानटी रोपात त्यांना असं एक जनुक सापडलं की जे तहान लागायच्या सुमारालाच जागं व्हायचं, पानांची, पाणी उडून जातं ती बारीक तोंडं वेळेवर मिटायचं आणि मुळांना सांभाळायचं. ते त्यांनी साध्या रोपांमध्ये घातलं. साधी रोपं माना टाकत होती तिथे ही ताठ उभी राहिली. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मला मशीनवरून उठवलं आणि नुसत्या माझे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या.

आणि मग आला नागोबा.

नागोबा म्हणजे त्यांचा विभागप्रमुख. हे नाव माझं, आयत्या बिळावरचा म्हणून. माणूस दिसायला रुबाबदार, बोलायला मध. "बाई, हे आपल्या सगळ्यांचं यश," असं म्हणत म्हणत त्याने एका मोठ्या परिषदेत ते जनुक स्वतःचं म्हणून मांडलं. वर्षानुवर्षांची यांची मेहनत त्याने अर्ध्या तासात खिशात घातली. शेवटी पडद्यावर आभार आले. त्यात शीतपेटी दुरुस्त करणाऱ्या माणसाचं नाव होतं आणि त्याच्या खाली जाऊबाईंचं.

हे त्यांनी मला भाजी चिरता चिरता सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"ताई, तुम्ही तिथल्या तिथे उठून का नाही बोललात? चारचौघांत बिनपाण्याने करायची होती ना त्याची!"

"कोण ऐकणार होतं? तो प्रमुख, मी त्याच्या हाताखालची. रडकी म्हणाले असते."

"मग आता काय करणार?"

"बघू," त्या म्हणाल्या आणि चिरलेली भाजी ताटात सारखी करत बसल्या.

मी त्यांना डोळ्यांनी पाहिलं आहे म्हणून सांगते, त्या दिवसापासून ती बाई त्या माणसाचा सूड घेण्यासाठी जगत होती. संस्थेत जायच्या, कुंड्यांची वजनं करायच्या, त्याच्याशी हसून बोलायच्या. घरी येऊन जेवायला बसल्या की घास हातात धरून कुठेतरी बघत राहायच्या. दीर म्हणायचे, "अगं, जेव." त्या म्हणायच्या, "हो."

संधी त्यानेच आणून दिली. परिषदेत टाळ्या मिळाल्यावर त्याला मोठ्या नियतकालिकात छापायची घाई झाली, आणि तिथे बाईंची मोजमापं दाखवायची म्हणजे बाईंचं नाव वर घ्यावं लागणार. त्याने सरळ यांच्या खोलीची किल्ली काढून घेतली आणि आपल्या मर्जीतल्या माणसांकडून सगळं नव्याने मोजून घेतलं. आकडे आल्यावर मोठ्या दिमाखात यांना बोलावून आलेख दाखवला. तहानलेल्या रोपांत ते जनुक चाळीसपट जोरात कामाला लागलं होतं.

"तुमचे किती यायचे हो, बाई?" त्याने विचारलं.

"चारपट."

"हं. हाताचा फरक असतो," तो म्हणाला. "कसं वाटतं?"

जाऊबाईंनी आलेख पाहिला. त्याच्या खालची बारीक टिपणं पाहिली. आणि म्हणाल्या, "छान आहे."

घरी आल्या तेव्हा इतक्या खूश होत्या की मला वाटलं बढती झाली. मला आणि दिरांना समोर बसवून त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. झाडाच्या पोटात घड्याळ असतं. पाणी मिळो न मिळो, काही जनुकं सकाळी झोपलेली असतात आणि दुपारी आपोआप उठतात. यांचं जनुक त्यातलंच. म्हणून पाणी प्यालेल्या रोपाचं पान आणि तहानलेल्या रोपाचं पान एकाच वेळी तोडायचं आणि तोडल्या क्षणी गोठवून टाकायचं, नाहीतर तुलनेला अर्थच नाही. घरात जेवणाची वेळ या बाईने कधी पाळली नाही, पण दुपारी पानं तोडायची वेळ कधी चुकवली नाही. नागोबाच्या माणसांनी काय केलं? पाणी घातलेल्या कुंड्या तळमजल्यावर होत्या, त्यांची पानं सकाळी तोडली. मग चहा झाला, मीटिंग झाली, जेवणं झाली. तहानलेल्या कुंड्या वरच्या मजल्यावर होत्या, त्यांची पानं दुपारी. म्हणजे त्या चाळीसपटीत तहान होती थोडी आणि दुपार होती भरपूर.

"मग सांगितलंत का त्याला?" मी विचारलं.

"नाही."

"अहो, पण छापून आलं आणि कुणी पकडलं तर?"

"छापू दे ना," त्या म्हणाल्या. "छापू दे, मोठं होऊ दे, अगदी वरपर्यंत चढू दे. खालच्या पायरीवरून पडून कुणाचं काही मोडत नाही."

त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. मीही जेवले. मला तर गुदगुल्या होत होत्या. दिरांनी मात्र ताट बाजूला सारलं आणि एकच बोलले, "स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करू नकोस. तो पडला तर तुझं जनुकही पडेल."

"पडलं तर उचलीन," त्या म्हणाल्या.

छापून आलं आणि नागोबा चढतच गेला. मोठ्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर त्याचं रोप, वर्तमानपत्रात त्याचा फोटो. संस्थेने सत्कार ठेवला तेव्हा जाऊबाई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. मी मुद्दाम बरोबर गेले होते. तो माणूस व्यासपीठावरून सांगत होता की जनरेटरच्या खोलीमागे एकदा सहज फिरताना त्याला भिंतीत ते रोप दिसलं. भिंतसुद्धा घेतली मेल्याने! माझे दात करकर वाजत होते. जाऊबाईंच्या चेहऱ्यावर तेच मंद हसू. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "हात दुखले नाहीत तुमचे?" त्या म्हणाल्या, "अजून वाजवीन."

या सगळ्या काळात त्यांनी रोपांची हेळसांड मात्र केली नाही. किल्ली गेली तरी देखभाल यांच्याकडेच होती, कारण नागोबाला कुंडीला पाणी वरून घालतात की खालून हेही ठाऊक नव्हतं. शिवाय आधीच्या वर्षांत त्यांनी स्वतः तोडलेली पानं बारीक नळ्यांमध्ये गोठवलेली होती. नळ्यांवर त्यांच्याच खुणा, कुठली नळी कुठली ते फक्त त्यांनाच माहीत. वेळ पाळून तोडलेलं प्रत्येक पान. ती चारपट खरी होती आणि ती फक्त तिथे होती.

अखेर जे व्हायचं ते झालं. दूरच्या एका प्रयोगशाळेने तोच प्रयोग करून पाहिला. त्यांनी दोन्ही पानं पहाटे तोडली, जनुक गाढ झोपलेलं असताना. फरक आला जवळजवळ शून्य. त्यांनी विचारणा केली, संस्थेने समिती नेमली, समितीने पानं तोडल्याच्या वेळा मागवल्या, आणि नागोबाचं बिंग फुटलं. समितीतल्या कुणीतरी म्हणे भर बैठकीत म्हटलं, "साहेब, तुमचं जनुक तहान ओळखत नाही, घड्याळ ओळखतं." ते वाक्य संस्थेत सगळीकडे पसरलं. शिपायापासून संचालकापर्यंत लोक हसत होते. मी ते ऐकलं त्या दिवशी मशीनवर चुकून पायजम्याचे दोन पाय एकत्र शिवले, इतकी हसले.

शेवटच्या सुनावणीआधी तो आमच्या घरी आला.

दुपारची वेळ. मी कापड बेतत होते, जाऊबाईंना सुट्टी होती. दार उघडलं तर हा उभा. रुबाब उतरलेला, गालफडं बसलेली. बसायला जागा नव्हती म्हणून तो माझ्या खुर्चीवर बसला. त्या खुर्चीवर टाचण्या लावलेला अर्धवट झगा होता. मी त्याला सांगितलं नाही. एकदा कळवळला, पण आलाच होता गरजेला, उठणार कसा?

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या जुन्या नळ्या आहेत ना? एकाच वेळी तोडलेल्या?"

जाऊबाई माझ्या कापडाची घडी सारखी करत राहिल्या.

"त्या मोजून दाखवल्या तर चारपट येईल. चारपटसुद्धा पुष्कळ झालं. म्हणजे जनुक खरं ठरतं, माझी फक्त मोजण्यातली चूक ठरते. एक दुरुस्ती छापू, तुमचं नाव पहिलं टाकू. नवीन रोपं वाढवून दाखवायला वेळ नाही हो. समितीने सांगितलंय, पुरावा नसेल तर सगळं काम बंद, रोपं आणि बी नष्ट."

"रोपंसुद्धा?" हे मी विचारलं. मला हे ठाऊक नव्हतं.

"जनुक बदललेली रोपं आहेत, ताई. काम बंद झालं की ठेवता येत नाहीत. नियम आहे." मग तो पुन्हा जाऊबाईंकडे वळला. "बाई, तुमचंही आयुष्य आहे त्यात. माझ्यासाठी नको, त्या रोपांसाठी तरी."

खरं सांगते, तिथे माझा राग उतू जाऊन संपला. मला वाटलं, आता बास. नाक घासलं ना त्याने, मिळालं ना सगळं? नाव पहिलं, जनुक खरं, रोपं जिवंत. मी जाऊबाईंकडे बघितलं आणि डोळ्यांनी म्हटलं, हो म्हणा.

जाऊबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "कसल्या नळ्या? माझ्याकडे काही नाही."

तो खुर्चीच्या कडेवर सरकला. मग उठला. झग्याची एक टाचणी त्याच्या मागे लोंबत होती. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. आलेख दाखवला तेव्हाच."

"हो," जाऊबाई म्हणाल्या.

तो गेल्यावर मी दार लावलं आणि भडाभडा बोलले. म्हटलं, त्याला मरू द्या, सुनावणीत तोंड गप्प ठेवा, पण नळ्या जपून ठेवा. तो हाकलला गेला की वर्षा-दोन वर्षांनी तुम्हीच सिद्ध करा. तेव्हा सगळं तुमचंच होईल.

"होणार नाही," त्या म्हणाल्या. "आधी कुणी छापलं? त्याने. मी उद्या सिद्ध केलं की हे जनुक तहान ओळखतं, तर लोक काय म्हणतील? म्हणतील, बिचाऱ्याचं आकड्यात चुकलं, पण शोध त्याचाच होता. पुस्तकात त्याचं नाव जाईल. मी त्याची साक्षीदार. हे जनुक जगलं तर त्याचंच म्हणून जगेल. मग नकोच ना जगायला."

दीर आतल्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. ते बाहेर आले नाहीत.

सुनावणीत समितीने जाऊबाईंना विचारलं, तुमची स्वतंत्र मोजमापं आहेत का? त्या नाही म्हणाल्या. नागोबाला सांगितलं तेच खोटं; त्याखेरीज त्या कधी खोटं बोलल्याचं मला माहीत नाही. नागोबाची खुर्ची गेली, पदं गेली, त्याच्या आधीच्या वीस वर्षांच्या कामाचीही फेरतपासणी लागली. त्याने संस्था सोडली. कुणी निरोप समारंभ केला नाही. जे पाहिजे होतं ते सगळं, अगदी मापात, झालं.

रोपं नष्ट करायचं काम अर्थातच देखभाल करणाऱ्या बाईंकडे आलं. त्या मला म्हणाल्या, "चल गं बरोबर, कुंड्या जड आहेत." इतक्या वर्षांत मी ती रोपं पहिल्यांदा बघितली. सुनावणीच्या गडबडीत कुणी पाणी घातलं नव्हतं. एका फळीवर साधी रोपं होती, ती केव्हाच वाळून मातीवर पडली होती. दुसऱ्या फळीवर ही. पानं जराशी आत वळलेली, माती भेगाळलेली, आणि सगळीच्या सगळी ताठ. मला झाडांतलं काही कळत नाही, पण आंधळ्यालाही दिसावं असं होतं ते. समितीतला एकही माणूस या खोलीत आला नव्हता. एवढी शिकलेली माणसं, कागदावरच्या वेळा तपासत बसली.

जाऊबाईंनी झारी भरून आणली आणि एकेका कुंडीला पाणी घातलं. घाई केली नाही, माती पिईल तसं घातलं.

"आता कशाला?" मी म्हटलं.

"तहानलेली कशाला पाठवू?"

शेजारच्या खोलीत वाफेची टाकी होती, आपल्या प्रेशर कुकरसारखीच, पण माणूस आत उभा राहील एवढी. आम्ही कुंड्या नेऊन आत मांडल्या. मग त्यांनी बियांच्या पिशव्या ठेवल्या. मग गोठवलेल्या नळ्यांचे ट्रे आणले, तेही ठेवले. शेवटची कुंडी माझ्या हातात होती आणि मी ती सोडेना.

"ताई, एक ठेवू ना. एवढंसं आहे. माझ्या पिशवीत मावेल. कुणाला कळणार आहे?"

त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, कुंडी आत ठेवली आणि दार फिरवून घट्ट केलं. आतून वाफेचा आवाज यायला लागला. त्या टाकीला टेकून उभ्या राहिल्या. दार हळूहळू तापत असणार, तरी त्यांनी पाठ हलवली नाही.

"आता त्याचं नाव कशावरच राहिलं नाही," त्या म्हणाल्या.

"आणि तुमचं?"

"माझं होतं कुठे?" त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मला सांग ना, माझं होतं कुठे!"

त्या ओरडत राहिल्या. मी त्यांना धरायला गेले तेव्हा त्यांची पाठ भाजली होती.